आयसीयूबाहेरचा नातेवाईक संशोधनात नेमका कोण असतो?

मागच्या लेखात आपण हायपोथिसिस कसा मांडायचा ते पाहिलं. आज पुढची पायरी: एंडपॉइंट. प्रयोग संपल्यावर आपण नेमकं काय मोजणार, हे प्रयोग सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवायचं, त्याला एंडपॉइंट म्हणतात. पेट किंवा नेटची तयारी करताना ही व्याख्या दोन ओळींत पाठ होते आणि आपण पुढे जातो. मला इथे थोडं थांबायचंय. कारण ज्याला आपण मोजतोय तो माणूस आपल्या लेखी कोण आहे, हेही एंडपॉइंट निवडताना ठरून जातं. बऱ्याचदा आपल्या नकळत.

उदाहरण म्हणून मी अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा नातेवाईक घेतलाय. रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, गुंगीच्या औषधाखाली असतो, त्याला बोलता येत नाही. मग त्याच्या वतीने कुणीतरी बोलायचं असतं: त्याला काय चाललं असतं, काय चाललं नसतं, काल आणि आज यात काय फरक दिसतोय. तुमच्यापैकी अनेकांनी हे काम केलं असेल किंवा पुढे कधी तरी करावं लागेल. या कामावर संशोधन झालंय, मोठमोठ्या नियतकालिकांत आलंय. त्यातल्या तीन ट्रायल्स आज टीकेच्या नजरेने वाचू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ते तपासत वाचता येईल. या ट्रायल्स मेहनतीने केलेल्या आहेत, प्रामाणिक आहेत. पण त्यांनी नातेवाइकाला एक तर दुसरा रुग्ण मानलं, नाही तर निरोप्या. तो साक्षीदारही असू शकतो, म्हणजे त्याच्याकडे रुग्णाबद्दलची अशी माहिती असू शकते जी मॉनिटरवर दिसत नाही, हा प्रश्न त्यांच्या रचनेत बसतच नाही.

पहिला पेपर: फ्रान्स, २००७

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फेब्रुवारी २००७ मध्ये लॉत्रेत आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. फ्रान्समधले २२ आयसीयू, त्यात मृत्यूच्या दारात असलेले १२६ रुग्ण आणि प्रत्येकाचा एक नातेवाईक. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, प्रत्येकी ६३. एका गटाला नेहमीसारखी डॉक्टर-नातेवाईक बैठक. दुसऱ्या गटाला ठरवून, तयारीने घेतलेली बैठक आणि सोबत मृत्यू व दुःख याविषयीची एक माहितीपुस्तिका. या बैठकीत डॉक्टरांनी पाच गोष्टी पाळायच्या होत्या: नातेवाईक जे सांगतो त्याची कदर करायची, त्याच्या भावनांची दखल घ्यायची, ऐकायचं, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते समजून घ्यायचं, आणि प्रश्न विचारायला लावायचं.

निकाल बघा. नेहमीच्या बैठकीचा मध्यक कालावधी २० मिनिटं होता, ठरवून घेतलेलीचा ३०. त्यात नातेवाईक बोलला तो वेळ पहिल्या प्रकारात ५ मिनिटं, दुसऱ्यात १४. नव्वदाव्या दिवशी फोनवर प्रश्नावली घेतली. आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणं नेहमीच्या गटात ६९ टक्के लोकांत होती, दुसऱ्या गटात ४५ टक्के. नैराश्याची लक्षणं ५६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर. औषधाच्या ट्रायलमध्ये असे आकडे आले असते तर कंपनीने पेढे वाटले असते.

आता वजाबाकी करू. बैठक १० मिनिटांनी वाढली, नातेवाइकाचं बोलणं ९ मिनिटांनी. म्हणजे डॉक्टर दोन्हीकडे साधारण पंधरा-सोळा मिनिटंच बोलले. जादा मिळालेला वेळ जवळजवळ सगळा नातेवाइकाकडे गेला. (इथे एक सूचना. मध्यकातून मध्यक वजा करणं हे गणिताच्या दृष्टीने कच्चं काम आहे. प्रत्येक बैठकीतली वजाबाकी करून मग मध्यक काढायला हवा, आणि तो डेटा आपल्याकडे नाही. तेव्हा हा अंदाज म्हणून घ्या, निष्कर्ष म्हणून नको.)

हा पेपर आवडला तरी त्याला चार प्रश्न विचारायचे.

एक, गळती. नव्वदाव्या दिवशी ६३ पैकी ५६ आणि ६३ पैकी ५२ जण फोनवर मिळाले. उरलेले १८ कुठे गेले? कदाचित ज्यांना सर्वांत जास्त त्रास होत होता त्यांनीच फोन उचलला नसेल. अशा वेळी एक सोपा व्यायाम करायचा: निकालाला सर्वांत जास्त अडचणीत आणणारं गृहीतक धरायचं. ५६ चे ४५ टक्के म्हणजे २५ जण. हरवलेले सातही जण त्रासात होते असं धरलं तर ६३ पैकी ३२, म्हणजे ५१ टक्के. दुसरीकडे ५२ चे ६९ टक्के म्हणजे ३६ जण. तिथले हरवलेले अकराही जण ठणठणीत होते असं धरलं तर ६३ पैकी ३६, म्हणजे ५७ टक्के. फरक २४ अंकांवरून ६ वर आला. दिशा तीच राहिली, पण आता हा फरक योगायोगानेही पडू शकतो. प्रत्यक्षात परिस्थिती इतकी टोकाची असण्याची शक्यता कमी आहे, पण निकाल किती ताणला की तुटतो, हे प्रत्येक पेपर वाचताना असं करून बघायची सवय लावा.

दोन, मिसळ. चिठ्ठ्या टाकल्या त्या कुटुंबांच्या, आयसीयूच्या नव्हे. म्हणजे एकाच विभागात दोन्ही प्रकारच्या बैठका होणार. नवीन पद्धत शिकलेल्या डॉक्टरचा हात दुसऱ्या बैठकीतही थोडा वळणारच. पण अशा मिसळीने दोन गटांतला फरक सहसा कमी होतो, वाढत नाही. म्हणून हा आक्षेप या पेपरच्या विरोधात फारसा जात नाही. प्रत्येक दोष निकालाला एकाच दिशेला ढकलत नसतो. कुठल्या दिशेला ढकलतोय ते लिहिल्याशिवाय तुमची टीका अर्धीच राहते.

तीन, गाठोडं. बैठक आणि पुस्तिका एकत्र दिली. फरक कशामुळे पडला? बोलण्यामुळे, पुस्तिकेमुळे, की आपल्यासाठी कुणीतरी वेळ काढला या जाणिवेमुळे? सांगता येत नाही. आणि नातेवाइकाच्या हातात पुस्तिका आली की आपल्याला काहीतरी वेगळं मिळतंय हे त्याला कळणारच.

चार, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: ट्रायलमध्ये कोण घेतलं? हा रुग्ण काही दिवसांत जाणार, असं डॉक्टरांना वाटलेली कुटुंबं. म्हणजे नातेवाइकाला चौदा मिनिटं मिळाली ती शेवट दिसू लागल्यानंतर. उपचारांबद्दलची काही निरीक्षणं पेपरात आहेत, पण ट्रायल उभी आहे ती नव्वदाव्या दिवसाच्या फोनवर. त्या चौदा मिनिटांत नातेवाइकाने काय सांगितलं, त्यातलं काही केस पेपरवर गेलं का, त्यामुळे एखादं औषध बदललं का, या प्रश्नांवर ती उभी नाही. नातेवाईक बोलला आणि तीन महिन्यांनी त्याला बरं वाटत होतं, एवढं आपल्याला कळलं. हे लहान नाही. पण वतीने बोलणं याचा अर्थ एवढाच असतो का?

दुसरा पेपर: अमेरिका, १९९५

आता बारा वर्षं मागे जाऊ. नोव्हेंबर १९९५ मध्ये जामा या नियतकालिकात सपोर्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. अमेरिकेतली पाच शिकवणारी रुग्णालयं, गंभीर आजारांचे एकूण ९,१०५ रुग्ण. पहिल्या टप्प्यात ४,३०१ रुग्णांचं फक्त निरीक्षण केलं. त्यातून दिसलेलं चित्र असं: ज्या रुग्णांना हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न नको होते, त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी जणांची ही इच्छा त्यांच्या डॉक्टरांना माहीत होती (४७ टक्के). आणि रुग्णालयात वारलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना शेवटच्या दिवसांत निदान अर्धा वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. वेदनेचा हा डेटा आला कुठून? घरच्यांकडून. म्हणजे पहिल्या टप्प्यात संशोधकांनी नातेवाइकाला साक्षीदार मानलंच होतं. फक्त त्याची साक्ष रुग्ण गेल्यानंतर घेतली.

दुसऱ्या टप्प्यात ४,८०४ रुग्ण. यातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांसाठी खास प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. त्या रुग्णाशी, नातेवाइकांशी वारंवार बोलायच्या, त्यांना काय हवंय ते समजून घ्यायच्या आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायच्या. डॉक्टरांना रुग्ण जगण्याच्या शक्यतेचे आकडेही दिले जायचे. निकाल? काहीही बदललं नाही. डॉक्टरांना इच्छा माहीत असण्याचं प्रमाण नाही, शेवटच्या निर्णयाची वेळ नाही, वेदना नाहीत, आयसीयूतले दिवसही नाहीत.

नकारात्मक निकालाचा पेपर वाचायला शिका, त्यातून जास्त शिकायला मिळतं. इथे एंडपॉइंट चांगले होते: निर्णय, वेदना, दिवस. रुग्णाशी थेट संबंध असलेले. पण रचनेत नातेवाईक निरोप्या झाला, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून. त्याने परिचारिकेला सांगायचं, परिचारिकेने डॉक्टरांना. परिचारिकेच्या हातात निर्णयाचा अधिकार नाही. डॉक्टरने निरोप ऐकून राउंडला पुढे जायचं ठरवलं तर त्याला अडवणारं काही नाही. निरोप पोचला म्हणजे ऐकला गेला, असं गृहीत धरलं गेलं, आणि हजारो रुग्णांवर ते गृहीतक फसलं.

आता दोन्ही पेपर शेजारी ठेवा. १९९५ ला निर्णय मोजले, बदल शून्य. २००७ ला भावना मोजल्या, बदल मोठा. दोन्ही ट्रायल्सचे देश वेगळे, रुग्ण वेगळे, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण संशोधक म्हणून स्वतःला विचारा: यानंतर तुम्ही ट्रायल आखणार असाल तर कुठला एंडपॉइंट निवडाल? जो हलतो तो निवडायचा मोह होईल. त्यात तुमची बेइमानी नसते. अनुदान मिळवायचं असतं, पेपर छापून आणायचा असतं. तरीही प्रश्न उरतो तो उरतोच.

तिसरा पेपर: पिट्सबर्ग, २०१८

२०१८ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या पाच आयसीयूंमध्ये १,४२० रुग्णांवर केलेली ट्रायल प्रसिद्ध केली. इथे मिसळीचा प्रश्न सोडवला होता. एकेक आयसीयू पाळीपाळीने नव्या पद्धतीत आणायचा, आणि कुणाची पाळी कधी हे चिठ्ठीने ठरवायचं. याला स्टेप्ड-वेज रचना म्हणतात; मुलाखतीत विचारतात, लक्षात ठेवा. त्या-त्या विभागातल्याच परिचारिकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी कुटुंबाला रोज भेटायचं, बैठकांची तयारी करून घ्यायची.

मुख्य एंडपॉइंट पुन्हा तोच: सहा महिन्यांनी नातेवाइकाची चिंता आणि नैराश्य. दोन गटांचे सरासरी गुण ११.७ आणि १२.०. फरक नाही. संवाद कसा होता, असं विचारल्यावर मात्र नव्या पद्धतीतल्या नातेवाइकांनी स्पष्टपणे जास्त गुण दिले. आणि एक गोष्ट दुय्यम एंडपॉइंटमध्ये हलली: आयसीयूतले दिवस. एकूण फरक थोडा होता (६.७ विरुद्ध ७.४), पण जे रुग्ण वारले त्यांच्यात तो ठळक होता: ४.४ विरुद्ध ६.८ दिवस.

म्हणजे २००७ च्या अगदी उलट चित्र. नातेवाइकाचं मन होतं तिथेच राहिलं आणि रुग्णाचे दिवस बदलले. हे चांगलं की वाईट? इथे घाई करू नका. एक वाचन असं: घरच्यांना नीट समजलं, रुग्णाला नको असलेली ओढाताण टळली, तो लवकर सुटला. दुसरं वाचन असं: रोज कुणीतरी येऊन हळुवारपणे समजावत राहिलं आणि कुटुंबाने आशा जरा लवकर सोडली. ४.४ हा आकडा दोन्ही वाचनांत बसतो. कुठलं खरं ते ठरवायला एक तिसरी गोष्ट मोजायला हवी: जे झालं ते रुग्णाला हवं होतं का? काळजी रुग्णाच्या इच्छेला धरून होती का, असं इथे विचारलं होतं, पण उत्तर देणारा पुन्हा नातेवाईकच. साक्ष त्याचीच आणि निवाडाही त्याचाच.

साक्षीदार

आतापर्यंत तुम्ही म्हणाल, नातेवाइकाकडे अशी काय माहिती असते जी मॉनिटरकडे नाही? रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण सगळं तासातासाला लिहिलं जातं की.

एक तांत्रिक उदाहरण देते. आयसीयूतल्या रुग्णाला डिलिरियम, म्हणजे भ्रमाची अवस्था, आहे का हे तपासायला कॅम-आयसीयू नावाची चाचणी जगभर वापरतात. तिचा पहिलाच निकष असा की रुग्णाच्या मनःस्थितीत त्याच्या मूळ स्थितीपेक्षा अचानक बदल झालाय का, किंवा गेल्या चोवीस तासांत ती वर-खाली होतेय का. मूळ स्थिती कुणाला माहीत असते? काल रात्री ड्यूटीवर आलेल्या सिस्टरला नाही. बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला.

माझी आत्या गेल्या वर्षी आयसीयूत होती. संध्याकाळी भेटायला दहा मिनिटं मिळायची. माझी आतेबहीण आत जाऊन आली आणि म्हणाली, "आई मला अहो म्हणाली." नाव विचारलं तर आत्या नाव सांगत होती, गाव विचारलं तर गाव सांगत होती, म्हणजे तक्त्यावर ती शुद्धीत होती आणि भानावर होती. पण आयुष्यभर जिला "अगं" म्हटलं त्या मुलीला तिने "अहो, जरा पाणी देता का" असं विचारलं होतं. मराठी न कळणाऱ्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही, मराठी कळणाऱ्या परक्यालाही नाही. सिस्टरशी बोलतेय असं वाटेल. बहिणीने ते ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, रात्री रक्त तपासलं तर सोडियम बरंच उतरलं होतं. ते सावकाश वर आणलं.

आता संशोधकाची टोपी घाला. हा पुरावा आहे का? नाही. एकच रुग्ण, तुलनेला गट नाही, आणि सकाळच्या नेहमीच्या तपासणीत सोडियम दिसलंच असतं कदाचित. पण हायपोथिसिस म्हणून हे पुरेसं आहे: नातेवाइकाला दिसलेला बदल मोजता येणाऱ्या बिघाडाच्या आधी येतो का? किती वेळा येतो, किती वेळा खोटा ठरतो? या वाक्याला एंडपॉइंट लावता येतो. मेलबर्नच्या मोनॅश चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. मुलाची नाडी-ताप बघताना पालकांना एक ठरलेला प्रश्न विचारायचा: मूल बिघडतंय अशी काळजी वाटते का? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पालकांची काळजी आणि पुढे आयसीयूत न्यावं लागणं यांचा स्पष्ट संबंध दिसला. इथे पालकाचं नैराश्य मोजलेलं नाही. पालकाचं म्हणणं खरं ठरलं का, ते मोजलंय. सगळा फरक या एका निवडीत आहे.

नियम आणि हाक

हा फरक कागदावरचा नाही, हे इंग्लंडने पाहिलंय. २०२१ मध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी लंडनच्या एका रुग्णालयात सेप्सिसने वारली. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाली होती. तिच्या आईवडिलांनी काळजी वारंवार बोलून दाखवली होती. तिला आधीच अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं २०२२ मध्ये कॉरोनरने नोंदवलं. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून मार्थाज् रूल आला आणि २०२४ पासून पहिल्या टप्प्यात १४३ रुग्णालयांत लागू होऊ लागला. त्याचे तीन भाग: रुग्णाला आणि घरच्यांना रोज विचारायचं की बरं वाटतंय की बिघडतंय, कर्मचाऱ्यांना दुसऱ्या टीमचं मत मागता यायला हवं, आणि रुग्णाला व नातेवाइकालाही कुठल्याही वेळी फोन करून दुसऱ्या टीमकडून तपासणी मागता यायला हवी.

मला हा नियम पटतो. पण पटतो म्हणून त्याला ट्रायल्सपेक्षा सौम्य प्रश्न विचारायचे नाहीत. फोन किती आले आणि त्यातून किती जणांना आयसीयूत हलवलं, ही मोजणी उपयोगी आहे. पण फोन न येता काय झालं असतं ते तिच्यातून कळत नाही. खोटे इशारे किती? त्यात गेलेला वेळ कुठल्या रुग्णाचा? आणि फोन कोण करतं? ज्याला इंग्रजी सफाईने येतं, ज्याला डॉक्टरला नाराज करायची भीती वाटत नाही, तोच ना? याबद्दल एक जुना धडा आहे. २००५ मध्ये मेरिट नावाच्या ट्रायलचे निकाल आले. ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांपैकी काहींत बिघडणाऱ्या रुग्णाकडे धावून जाणारी खास टीम नेमली होती. मुख्य एंडपॉइंटमध्ये फरक दिसला नाही. बोलावण्याचे निकष पूर्ण होत असतानाही कर्मचाऱ्यांकडून अनेकदा हाकच गेली नव्हती, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पगारी, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची ही कथा. मग बाहेर बसलेल्या घाबरलेल्या माणसाची काय असेल?

आपल्याकडे कुणी अभ्यास करायचा?

हा प्रश्न मी तुमच्यासाठी सोडतेय. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा, कागदपत्रांचा आणि दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. पण दुसरं मत घेण्याचा हक्क असणं आणि रात्री दोन वाजता दुसरी टीम खाटेपाशी येणं, यात फार अंतर आहे. ते अंतर कुठे आणि किती, हे मोजणारं काम आपल्याकडे व्हायला हवं.

वरच्या ट्रायल्सची रचना जशीच्या तशी उचलू नका, कारण त्यांचं एक गृहीतक इथे बसत नाही. फ्रान्सच्या अभ्यासात एका रुग्णामागे एक नातेवाईक आहे. आपल्याकडे बैठकीत बोलतात थोरले काका, बिल भरतो मुलगा, खालून औषधं आणायला पळतो भाचा, आणि रुग्ण गेला महिनाभर काय खात होता, किती झोपत होता हे माहीत असतं सुनेला, जिला कुणी आत बोलावतच नाही. मग प्रश्नावली कुणाकडून भरून घ्याल? काकांकडून घेतली तर तुम्हाला निर्णय कळेल, साक्ष नाही. म्हणून माझी सूचना: निर्णय घेणारा आणि बघणारा, अशा दोन वेगळ्या भूमिका आधीच लिहा आणि प्रत्येकीला वेगळा एंडपॉइंट द्या. रोज एक ठरलेला प्रश्न बघणाऱ्याला विचारा, उत्तर वेळेसह नोंदवा, आणि पुढच्या चोवीस तासांत काय झालं ते ज्याला उत्तर माहीत नाही अशा माणसाकडून तपासून घ्या. यात खर्च फार नाही. एथिक्स कमिटीकडे मात्र आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल: नातेवाईक "बिघडतंय" म्हणाला तर संशोधक गप्प बसून फक्त नोंद करणार का? नाही. ती गोष्ट त्याच क्षणी उपचार करणाऱ्या टीमला सांगायची, आणि त्यामुळे तुमचा डेटा बदलणार असेल तर बदलू द्यायचा. रचना त्याभोवती आखायची.

आणि संशोधन बाजूला ठेवून, उद्या तुम्हालाच त्या बाकड्यावर बसायची वेळ आली तर? या पेपरांतून मी माझ्यासाठी काढलेल्या तीन गोष्टी सांगते. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही. "बरं वाटत नाहीये" असं मोघम सांगण्याऐवजी कालच्यापेक्षा आज काय वेगळं दिसलं आणि किती वाजता, ते सांगा. डॉक्टरांना विचारा की उद्या संध्याकाळपर्यंत काय सुधारायला हवं आणि काय दिसलं तर तुम्हाला काळजी वाटेल. म्हणजे तुम्हाला काय बघायचं ते कळतं. आणि घरातून बोलणारा एकच ठेवा, रुग्णालयाला ते सोयीचं पडतं. पण रुग्णाला रोज पाहणाऱ्या माणसाला बैठकीत त्याच्या शेजारी बसवा.

पुढच्या लेखाआधी एक काम करून या. तुमच्या विषयातला कुठलाही एक गाजलेला पेपर घ्या, त्याचा मुख्य एंडपॉइंट एका ओळीत लिहा आणि खाली दुसऱ्या ओळीत लिहा: हा एंडपॉइंट निवडल्यामुळे कुणाचं म्हणणं मोजलं गेलं नाही? दुसरी ओळ लिहायला पहिलीपेक्षा बराच जास्त वेळ लागेल. लागू द्या.